उन्हानें छापलेलीं चित्रें

हंपीस जाऊन आलेल्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं विरूपाक्षाच्या देवळांतील ती काळोखी खोली पाहिली असेल. खोलीच्या भिंतीला एक लहानसा झरोका आहे. त्यांतून आंत शिरलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर देवळाच्या उंच गोपुराचें चित्र उमटवितो, आणि तें चित्र उलटें असतें: कळस खालीं व पाया वर. वाटाडे हा प्रकार मोठ्या हौसेनें दाखवितात. कोणी त्यास देवाचें सामर्थ्य म्हणतो, कोणी जुन्या शिल्पज्ञांचें कसब म्हणतो. आम्हांस त्यांतील मौज निराळीच वाटते. ज्या यंत्रानें आज घरोघर दिवसांतून पन्नास पन्नास फोटो काढले जातात, त्या यंत्राचा मूळपुरुष त्या खोलींत भिंगावांचून व बटणावांचून उभा आहे, आणि त्याच्या समोरून लोक "उलटी सावली पाहिली" एवढेंच म्हणून बाहेर पडतात.

वस्तुतः ती सावली नव्हे. प्रकाशाचे किरण सरळ रेषेंत चालतात. कळसापासून निघालेला किरण झरोक्यांतून उतरत आंत येतो, तो भिंतीच्या खालच्या भागीं पडतो; पायथ्याचा किरण चढत येतो, तो वरच्या भागीं पडतो. झरोका मोठा असता तर सर्वांची सरमिसळ होऊन भिंतीवर नुसता उजेड पडला असता. तो लहान असल्यामुळें प्रत्येक बिंदूला आपापली जागा मिळते व चित्र तयार होतें. २६ डिसेंबर २०१९ रोजीं सकाळीं सूर्यग्रहण लागलें असतां झाडांखालीं जमिनीवर शेंकडों चंद्रकोरी पडलेल्या ज्यांनीं पाहिल्या, त्यांनींही हेंच पाहिलें; पानांमधल्या बारीक फटी त्या वेळीं झरोके झाल्या होत्या. चीनमध्यें मो-त्सूच्या संप्रदायाच्या ग्रंथांत या उलट्या चित्राची नोंद ख्रिस्तपूर्व काळींच झालेली आहे, आणि कैरो येथें राहणाऱ्या इब्न अल्-हैथम या पंडितानें अकराव्या शतकाच्या आरंभीं त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. म्हणजे चित्र पाडण्याची विद्या फार जुनी. तें धरून ठेवण्याची विद्या मात्र अवघ्या दोनशें वर्षांची. प्रस्तुत लेखांत या दोन्ही विद्यांविषयीं, आणि त्या आजही घरच्या घरीं कशा करतां येतात याविषयीं, चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहिला प्रयोग अगदीं बिनखर्चाचा आहे. दुपारीं, बाहेर लख्ख ऊन असतां, ज्या खोलीची खिडकी अंगणाकडे किंवा रस्त्याकडे आहे अशी एक खोली निवडावी. खिडकी जाड पुठ्ठ्यानें व काळ्या कागदानें पूर्ण बुजवावी, दाराखालच्या फटींत धोतर नाहीं तर जुनें लुगडें कोंबावें, आणि पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याहून लहान असें एक भोक पाडावें. डोळे अंधाराला सरावण्यास पांच-दहा मिनिटें लागतात. मग समोरच्या भिंतीवर अंगण उतरूं लागतें. तुळशीवृंदावन उलटें, दोरीवर वाळत घातलेलीं लुगडीं खालून वर लोंबणारीं, आणि निळें आकाश फरशीवर पसरलेलें! आमच्या घरीं हा प्रयोग झाला तेव्हां मुलांच्या किंकाळ्यांपेक्षां आम्हांस आमच्या वृद्ध आत्याबाईंचें मौन अधिक लक्षांत राहिलें. त्या बराच वेळ पाहत बसल्या आणि मग, "रंगीत कसें आलें हो?" एवढेंच त्यांनीं विचारलें. प्रश्न मार्मिक होता. बाहेरचा प्रकाशच आंत येतो, तेव्हां त्याचे रंगही त्याच्याबरोबर येणारच. परंतु हें त्यांच्यापूर्वीं कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें.

हीच खोली लहान केली म्हणजे सुईच्या भोकाचा कॅमेरा तयार होतो. चहाचा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्यावा, आंतून त्यास चमक नसलेला काळा रंग द्यावा, आणि एका बाजूस लहान चौकोन कापून तेथें शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा चिकटवावा. खरें भोक या पत्र्याला पाडावयाचें. पत्रा पुठ्ठ्यावर ठेवून सुईनें हलकेंच टोंचावें, मागें आलेला उंचवटा बारीक पॉलिश-कागदानें घासून काढावा, पुन्हां सुई फिरवावी. असें दोन-तीनदां केलें म्हणजे भोकाची कड साफ व गोल होते. सर्व यश या कडेवर अवलंबून आहे. भोक जितकें बारीक तितकें चित्र रेखीव, असें सकृद्दर्शनीं वाटतें. परंतु तसें नाहीं. एका मर्यादेपलीकडे बारीक केल्यास प्रकाश भोकाच्या कडेवरून पसरूं लागतो व चित्र उलट अधिक पुसट होतें. ही मर्यादा कोणती, याचें गणित लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलें. त्याप्रमाणें भोकापासून कागदापर्यंतचें अंतर १० सेंटिमीटर असेल तर भोकाचा व्यास ०.४५ मिलिमीटरच्या आसपास असावा. शिवणकामाची १० नंबरची सुई जवळजवळ एवढीच जाड असते, हा आमच्या भगिनींच्या सोयीचा योगायोग होय.

डब्यांत भोकासमोर फोटो छापण्याचा संवेदनशील कागद अंधाऱ्या खोलींत, तांबड्या दिव्याच्या उजेडांत, बसवितात. भोकावर काळी चिकटपट्टी लावतात. डबा दगडावर घट्ट ठेवून पट्टी काढतात. भर उन्हांत अर्धा ते दोन मिनिटें, सावलींत दहा-वीस मिनिटें. मग पट्टी पुन्हां लावावयाची. भिंगाच्या कॅमेऱ्यांत जें काम सेकंदाच्या शंभराव्या भागांत उरकतें त्यास येथें मिनिटें मोजावीं लागतात, कारण भोकांतून येणारा प्रकाश अत्यंत थोडा असतो. परंतु या मंदपणाचें फळ चित्रांत दिसतें. भिंगाला जवळचें किंवा दूरचें यांपैकीं एक निवडावें लागतें. सुईच्या भोकाला अशी निवड नसते. डब्यापुढचें गवताचें पातें व पलीकडचा डोंगर हीं दोन्ही सारख्याच मऊपणानें येतात. वाहतें पाणी धुक्यासारखें होतें. रस्त्यावरून चालत जाणारीं माणसें चित्रांतून साफ नाहींशीं होतात, आणि ओट्यावर स्तब्ध बसलेला म्हातारा तेवढा उरतो.

हें कला कीं निव्वळ उणीव, हा वाद फार जुना आहे. १८९० सालीं लंडनच्या प्रदर्शनांत जॉर्ज डेव्हिसन यानें एका शेतवाडीचें चित्र मांडलें. कांद्याचें शेत, मागें कौलारू घरें, सगळें हवेंत विरघळल्यासारखें. पुढें तें "कांद्याचें शेत" याच नांवानें प्रसिद्ध झालें. तें भिंगाशिवाय काढलेलें होतें. ज्या काळीं प्रत्येक फोटोग्राफर आपलें भिंग किती तीक्ष्ण आहे याची प्रौढी मिरवीत असे, त्या काळीं मुद्दाम अस्पष्ट चित्र मांडणें हें धाडस होतें, आणि त्यावर बराच गदारोळही झाला. आमचें मत विचाराल तर, डोळ्याला संध्याकाळीं खरोखर जें दिसतें तें डेव्हिसनच्या चित्रांत अधिक आहे. अर्थात् याचा अर्थ प्रत्येक पुसट चित्र कलात्मक असतें असा नव्हे. अलीकडे हा गैरसमजही पुष्कळ फैलावलेला आहे.

धीराची परिसीमा पाहावयाची असेल तर इंग्लंडांतील हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेकडे वळावें. तेथें २०१२ सालीं एका विद्यार्थिनीनें बिअरच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून, आंत फोटोचा कागद घालून, तो एका दुर्बिणीच्या घुमटावर बांधला आणि ती तो विसरून गेली. तो २०२० सालीं सांपडला. आठ वर्षांहून अधिक काळ त्या एकाच कागदावर सूर्य रोज आपली वाट ओढीत राहिला होता: उत्तरायणांत उंच, दक्षिणायनांत खालीं, अशा २,९५३ कमानी त्यावर मोजण्यांत आल्या. अयनचलनाचा पाठ मुलांना पुस्तकांतून शिकविणाऱ्या आमच्या शिक्षकबंधूंनीं शाळेच्या गच्चीवर असा एक डबा सहा महिन्यांपुरता तरी बांधून पाहावा. यांत कागद धुण्याचीही गरज नसते. इतक्या उन्हानें तो आपोआप काळवंडतो.

आतां छापण्याच्या बाजूकडे वळूं. अंधारी खोली, रसायनांचीं तबकडीं, हा खटाटोप प्रत्येक घरीं होण्यासारखा नाहीं. परंतु फोटोच्या बालपणीं निघालेल्या कित्येक रीती अशा आहेत कीं त्यांना अंधारी खोली लागत नाहीं. ऊन व पाणी एवढीच मुख्य सामग्री. त्यांतील सर्वांत सुलभ रीत सर जॉन हर्शेल यांनीं १८४२ सालीं काढली. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांचे हे चिरंजीव. ज्योतिष, रसायन, गणित अशा सर्व शास्त्रांत त्यांची गति होती. फोटो टिकाऊ करणाऱ्या हायपो या क्षाराचा गुण त्यांनींच प्रथम ओळखला. लोखंडाच्या कांहीं क्षारांवर ऊन पडलें असतां त्यांचें रूपांतर होऊन गडद निळा रंग तयार होतो, हें त्यांना प्रयोगांत आढळलें. जेथें ऊन लागेल तेथें निळें, जेथें झांकलेलें असेल तेथें पांढरें. आणि साध्या पाण्यानें धुतलें कीं चित्र कायम. हर्शेल यांना कलेपेक्षां शास्त्रांत रस होता, म्हणून त्यांनीं शोध नोंदविला व ते पुढच्या कामाला लागले. ती रीत पुढें कारखानदारांनीं उचलली. पूल, इमारती, यंत्रें यांचे नकाशे पाऊणशें वर्षें याच रीतीनें छापले गेले, आणि इंजिनियरांच्या घरांत जुन्या ट्रंकेच्या तळाशीं अजूनही एखादा निळा नकाशा सांपडतो.

परंतु या निळ्या रंगाला खरें भाग्य लाभलें तें एका बाईमुळें. ॲना ॲटकिन्स यांचा जन्म १७९९ सालीं झाला. त्यांची आई त्यांच्या तान्हेपणींच वारली आणि वडिलांनीं, जे स्वतः शास्त्रज्ञ होते, त्यांना आपल्याबरोबर वाढविलें, शिकविलें. त्या काळच्या इंग्लंडांतही मुलीला शास्त्राचें शिक्षण देणें ही नित्याची गोष्ट नव्हती. वडिलांनीं शंखशिंपल्यांवरील एका फ्रेंच ग्रंथाचें भाषांतर केलें तेव्हां त्यासाठीं दोनशेंहून अधिक चित्रें या मुलीनें काढून दिलीं. पुढें त्यांना समुद्रांतील शेवाळांचा छंद लागला. शेवाळाचे धागे इतके नाजूक असतात कीं ते हातानें हुबेहूब काढणें जवळजवळ अशक्य. हर्शेल हे घरोब्याचे स्नेही. त्यांच्या शोधाला वर्ष होतें न होतें तोंच, १८४३ च्या ऑक्टोबरांत, ॲना बाईंनीं ब्रिटिश शेवाळांच्या निळ्या चित्रांचा पहिला भाग तयार केला. शेवाळ कागदावर ठेवावयाचें, वर कांच दाबावयाची, उन्हांत न्यावयाचें, धुवावयाचें. प्रत्येक प्रतीचें प्रत्येक पान असें एक एक करून! अक्षरेंही त्यांच्याच हातचीं, त्याच निळ्या रीतीनें छापलेलीं. हें काम दहा वर्षें, १८५३ पर्यंत, चाललें. फोटोंनीं सजलेलें जगांतील पहिलें पुस्तक म्हणून आज त्याचा मान आहे.

यांत आमच्या वाचकभगिनींस एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. या ग्रंथाच्या प्रस्तावनेखालीं कर्त्रीनें केवळ "ए. ए." एवढींच अक्षरें घातलीं होतीं. पुढें पन्नास वर्षांच्या आंतच लोकांना त्यांचा अर्थ लागेना. या पुस्तकाची एक प्रत बाळगणाऱ्या एका गृहस्थानें त्या अक्षरांचा अर्थ "अनामिक हौशी" असा लावला! हौशी त्या होत्या हें खरें, परंतु अनामिक होण्याइतकें त्यांनीं काय केलें होतें? आपल्याकडेही कित्येक घरांत आजीनें विणलेला, भरलेला, रेखलेला ऐवज असतो; त्यावर तिचें आद्याक्षरही नसतें. असो.

ॲना बाईंची रीत आज जशीच्या तशी करतां येते. रसायनें विकणाऱ्या दुकानांतून फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड हीं दोन द्रव्यें आणावीं. पहिल्याचे २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यांत, दुसऱ्याचे १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यांत विरघळवून दोन्ही द्रव निरनिराळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवावे. कामाच्या वेळीं दोन्ही समभाग घेऊन एकत्र करावे आणि जलरंगाच्या जाड कागदावर रुंद कुंचल्यानें पातळ सारखा हात द्यावा. हें काम खोलींत, खिडकीपासून दूर, साध्या पिवळ्या दिव्याखालीं चालतें. कागद काळोखांत वाळवावा. मग त्यावर पिंपळाचें जाळीदार पान, शेवग्याची डहाळी, क्रोशाचा रुमाल, जें आवडेल तें ठेवून वर कांच ठेवावी व गच्चीवर न्यावें. वैशाखाच्या उन्हांत पांच-दहा मिनिटें पुरतात. पोपटी कागद प्रथम निळा व मग राखी, कांसें उतरल्यासारखा, झाला कीं आंत आणून पाण्यांत बुडवावा. पिवळेपणा वाहून जातो, आणि पांढरें पान निळ्या आकाशांत तरंगूं लागतें. हा क्षण कितीही वेळां पाहिला तरी शिळा होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं हवेनें निळा रंग आणखी गडद होतो.

विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यानें हा रंग फिका पडतो, कारण क्षाराशीं त्याचें वैर आहे. पहिल्या पाण्यांत थोडा लिंबाचा रस पिळल्यास काम भागतें. याच वैराचा उपयोगही करतां येतो: तयार चित्र धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यांत घातलें कीं निळें उडून पिवळसर होतें, आणि मग तें कडक काळ्या चहांत ठेवलें म्हणजे चहांतील तुरट अंशामुळें तपकिरी-काळें होतें. निळ्याचा कंटाळा आलेल्या मुलांना हा खेळ फार आवडतो. द्रव्यांविषयीं एक इशारा. हीं दोन्ही त्या मानानें सौम्य असलीं तरी खाण्याच्या भांड्यांत कालवूं नयेत, हातांत रबरी मोजे असावेत, आणि फेरिसायनाइडाजवळ तीव्र ॲसिड कदापि नेऊं नये. त्यापासून विषारी वायु निघतो. स्वयंपाकघर हें या कामाचें ठिकाण नव्हे.

ज्यांना दुकानचीं रसायनेंच नकोत त्यांच्यासाठीं आमच्या देवघरांत व फडताळांत एक सामग्री सिद्धच आहे, ती म्हणजे हळद. धोतरावर पडलेला हळदीचा डाग साबणानें लाल होतो आणि उन्हांत वाळत घातला कीं उडून जातो, हें कोणत्या गृहिणीस ठाऊक नाहीं? हर्शेल यांनीं १८४२ सालींच फुलापानांच्या रसांवर उन्हाचा असा परिणाम तपासला होता, आणि मेरी सॉमरव्हिल या विदुषीनें १८४५ सालीं तेच प्रयोग पुढें नेले. हळदपूड औषधी दुकानांतील स्पिरिटांत कालवून, गाळून, तो रंग कागदावर द्यावा. वाळल्यावर पान ठेवून कांचेखालीं उन्हांत ठेवावें. उघडा भाग कांहीं तासांत फिका होतो, पानाखालचा पिवळा राहतो. नंतर टाकणखाराचें सौम्य पाणी फिरविलें कीं उरलेली हळद लालसर तपकिरी होते. कुंकू करतांना हळदीला चुन्यानें जो रंग चढतो त्याचेंच हें भावंड. या चित्रांचा दोष एकच: तीं कायम करण्याचा उपाय नाहीं. ज्या उन्हानें चित्र काढलें तेंच ऊन पुढें तें पुसून टाकतें. तेव्हां वहींत मिटून ठेवावें, आणि पाहुण्यांना दाखवून पुन्हां मिटावें.

मीठ व चांदी यांची रीत या सर्वांत थोरली. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज जमीनदाराला १८३३ सालीं इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं चित्र काढतां येईना, म्हणून निसर्गालाच आपलें चित्र काढावयास लावण्याची कल्पना त्याच्या मनांत आली. कागद मिठाच्या पाण्यांत भिजवून वाळवावयाचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेटाचा हात द्यावयाचा. दोहोंच्या संयोगानें जो क्षार होतो तो उन्हांत काळवंडतो. त्याचे छोटे लांकडी कॅमेरे घरभर ठेवलेले असत व त्याची पत्नी त्यांना "उंदराचे सांपळे" म्हणे. १८३५ मध्यें त्यानें आपल्या घरच्या खिडकीचें चिमुकलें चित्र घेतलें, तें आजही जतन केलेलें आहे. मिठाच्या कागदावरील छपाईंत मऊ तांबूस-तपकिरी छटा येते, तिची सर दुसऱ्या कशालाही नाहीं. परंतु सिल्व्हर नायट्रेट महाग, आणि बोटांना लागलें तर काळे डाग आठवडाभर जात नाहींत. डोळ्यांस तर तें अपायकारकच. म्हणून ही रीत जाणत्यांनींच करावी.

ही विद्या हिंदुस्थानांत लवकर आली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते, आणि डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम फोटो काढीत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें हा विषय शिकविलाही जात असे. तिकडे दक्षिणेंत लिनीयस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्यानें १८५८ सालीं तंजावरच्या बृहदीश्वराच्या पायथ्याभोंवतालचे शिलालेख टिपले. कांचेच्या जागीं मोठे कागदी नेगेटिव्ह वापरून, २१ चित्रें एकास एक जोडून, त्यानें सुमारें सहा मीटर लांबीचा एकच पट तयार केला. भोसल्यांचें राज्य तेथून जाऊन तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं.

येथें एक थोडी अवघड गोष्ट सांगणें भाग आहे. १८५० नंतर जो चकचकीत कागद सर्वत्र पसरला तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असे, आणि पुढें आलेल्या फिल्ममध्यें व कागदांत जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढलेली जिलेटिन असते. म्हणजे सोंवळें नेसून, भस्म लावून बसलेल्या ज्या पणजोबांची पिवळी पडलेली तसबीर आपल्या माजघरांत टांगलेली आहे, ते बहुधा दीडशें वर्षें अंड्यावर विराजमान आहेत! हळदीचें चित्र मात्र, कागद निर्दोष असल्यास, कोणत्याही सोंवळ्यांत बसूं शकेल. डिंकाच्या रीतीविषयींही पुष्कळजण विचारतात. डिंक, रंग व बायक्रोमेट यांच्या मिश्रणानें अप्रतिम चित्रें होतात हें खरें. परंतु बायक्रोमेट हें विष असून त्यापासून कर्करोगाचें भय आहे. लेकुरवाळ्या घरांत तें आणूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

सुईच्या भोकाच्या कॅमेऱ्यानें हे निळे किंवा मिठाचे कागद सहसा थेट छापतां येत नाहींत. तितका प्रकाश भोकांतून येत नाहीं. त्यासाठीं आधीं नेगेटिव्ह लागतें, आणि तें छापावयाच्या चित्राएवढें मोठें लागतें, कारण कागदाला कागद लावून छापावयाचें असतें. हल्लीं कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर पारदर्शक पत्रकावर असें नेगेटिव्ह छापून मिळतें. जुना फोटो असो वा मोबाइलमधला, त्याच्या काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें करून घेतलें कीं पुढचें काम ऊन करतें.

ही सोय आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, आणि त्याचें कारण एकत्र कुटुंबांतील वाचकांस लवकर पटेल. घर वेगळें होतें तेव्हां शेताच्या, भांड्यांच्या, दागिन्यांच्या वाटण्या होतात. देवसुद्धां वांटून घेतात. वांटतां येत नाहीं ती एकुलती एक तसबीर. आमच्या ओळखीच्या एका घरीं आजीचा एकच फोटो होता, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनीं काढलेला, नाकांत नथ, मांडीवर धाकटा मुलगा. वाडा विकला तेव्हां तो थोरल्या घरीं गेला. धाकट्याला, म्हणजे ज्याला आजीनें मांडीवर घेतलें होतें त्याला, तो मिळाला नाहीं. त्यावरून उघड भांडण झालें नाहीं; नुसतें येणें-जाणें कमी झालें, आणि तसें वीस वर्षें राहिलें. पुढें थोरल्या घरच्या नातीनें महाविद्यालयांत ही निळी रीत शिकून घेतली. तिनें भिंतीवरची तसबीर उतरवून काढली तों मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागलेली. तिनें फोटोची नक्कल घेतली, नेगेटिव्ह करविलें आणि पांच कागदांवर आजी छापली. एक प्रत धाकट्या आजोबांकडे स्वतः घेऊन गेली. त्यांनीं ती हातांत धरून, "आई निळी कां?" असें विचारलें. तिनें सांगितलें, उन्हानें छापली म्हणून. म्हातारे हंसले, आणि जेवून जा म्हणाले. तो निळा फोटो त्यांनीं देवघराशेजारीं लावला. त्या दिवाळींत दोन्ही घरचा फराळ एकमेकांकडे गेला.

जुन्या तसबिरींबद्दल एवढें करावें: उन्हाच्या कवडशांत व ओलसर भिंतीवर टांगूं नये, मागचा पुठ्ठा दर दोन-तीन वर्षांनीं उघडून पाहावा, आणि फोटोवर ओलें फडकें कधीं फिरवूं नये, चिकट बलक त्यानें सुटतो. नक्कल आजच करून ठेवावी. निळ्या प्रती उजेडांत थोड्या फिक्या झाल्या तर घाबरूं नये; कांहीं दिवस पेटींत काळोखांत ठेवल्या कीं त्यांचा रंग बराचसा परत येतो. हा गुण दुसऱ्या कोणत्याही फोटोला नाहीं.

ही विद्या कारखान्यांच्या मर्जीवर फारशी अवलंबून नाहीं, हाही तिचा एक लाभ. पोलरॉइडच्या झटपट फिल्मचें उत्पादन २००८ सालीं कंपनीनें थांबविलें, कोडाक्रोमची रंगीत फिल्म धुण्याचें काम २०१० अखेर बंद पडलें, आणि लोकांजवळचे कॅमेरे शोभेच्या वस्तू झाले. मीठ, लोखंड, हळद, कागद व सूर्य यांचें दुकान बंद पडण्याचा संभव दिसत नाहीं.

आपल्याकडे या कामाचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यांत ऊन बेभरंवशाचें व कागद सर्दावलेला, त्या वेळीं डबे करून ठेवावे, भोकें घासावीं. जगभरचे हौशी लोक २००१ पासून एप्रिलचा शेवटचा रविवार सुईच्या भोकाच्या छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळतात. त्या सुमारास आपल्याकडे मुलांच्या परीक्षा बहुधा संपलेल्या असतात आणि गच्चीवर कुरडया व सांडगे वाळत असतात. त्यांच्या शेजारीं दोन हात जागा तेवढी आधीं मागून घ्यावी.